दगडू पिंजाऱ्याची पोरकी पिल्ले

बालाघाटाच्या डोंगरात उमरदरी नावाचे गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला ओढा, ओढ्यापलीकडे चिंचेची बाग आणि बागेत दगडी मठ. त्या साली श्रीभानुनाथ महाराजांचा मुक्काम थंडीभर या मठात होता. महाराज सहसा एका जागी रमत नसत; पण उमरदरीच्या मंडळींनी पाय धरले आणि महाराज राहिले. सकाळी ते मठाच्या ओट्यावर उन्हात बसत. येणारा कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे विचारायची त्यांची रीत नव्हती. "जेवलास का?" एवढेच ते विचारत.

येणाऱ्यांत दगडू पिंजारी हा एक होता. गावच्या गाद्या-गोधड्यांचा कापूस पिंजून देणे हा त्याचा धंदा. वय पन्नाशीच्या पुढे गेलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. शुक्रवारी तो मशिदीत नमाजाला जाई आणि रोज संध्याकाळी मठात येऊन भजनाला बसे. त्याला गाता येत नसे. शेवटच्या खांबाला टेकून तो नुसता ऐकत राही. महाराजांच्या बैठकीचा कापूस मात्र तोच पिंजून देई, आणि त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते पाहण्यासारखे असे.

कापसाच्या कोठीत उंदीर फार, म्हणून दगडूने एक मांजर पाळली होती. तिचे नाव भुरी. ती भुरी त्या थंडीत कापसाच्या ढिगाऱ्याआड व्याली. चार पिल्ले झाली.

गावात दौलतराव देशमुखांची गढी होती. दौलतराव तसे वाईट गृहस्थ नव्हते. मठाच्या सप्ताहाला धान्य त्यांच्याकडून येई, महाराजांच्या दर्शनालाही ते नेमाने येत. पण आपल्या घराण्याचा, आपल्या शब्दाचा, आपल्या दावणीच्या जनावरांचा त्यांना फार ताठा. आणि सगळ्यांत मोठा अभिमान वाघीचा. वाघी ही त्यांची कारवानी जातीची शिकारी कुत्री. लांब पाय, बारीक कंबर, धावत्या सशाला गाठणारी. देशमुखांनी "बस" म्हटले की ती बसे, आणि पुन्हा शब्द निघेपर्यंत उठत नसे. पाहुणे आले की देशमुख आधी वाघी दाखवत, मग बैल.

एके दिवशी सकाळी भुरी खाण्याच्या शोधात गढीच्या मुदपाकखान्याकडे गेली. सोप्यावर पाहुणे बसले होते. देशमुखांनी मांजर पाहिली, पाहुण्यांकडे पाहिले, आणि वाघीला म्हणाले, "छू!"

वाघी तेव्हा गाभण होती. पोट चांगले खाली आले होते. तरी धन्याचा शब्द तिने खाली पडू दिला नाही. पाहुण्यांच्या हातातला चहा निवायच्या आत भुरीचा निकाल लागला. पाहुण्यांनी "वा" म्हटले. देशमुखांनी वाघीच्या डोक्यावर थोपटले.

दगडूला बातमी कळली तशी तो गेला, भुरीला फडक्यात गुंडाळून घेऊन आला आणि परसात लिंबाच्या झाडाखाली तिला पुरले. हात धुऊन घरात येतो तो कापसाच्या आडून बारीक चीं चीं आवाज. पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. आईच्या अंगाची जागा शोधत ती एकमेकांवर चढत होती. दगडूने ती डोक्याच्या फडक्यात घेतली आणि तडक मठ गाठला.

"महाराज, यांची आई गेली," तो म्हणाला. "देशमुखांच्या वाघीनं मारली. आता म्या काय करू? मी बाप्या माणूस. मला लेकरूबी कधी हातात धरायचं ठावं न्हाई."

महाराजांनी एक पिल्लू उचलून गालाला लावले.

"गार पडलंय," ते म्हणाले. "दगडू, आधी ऊब, मग दूध. गार पोटात दूध घातलंस तर ते पचायचं नाही. कापूस तुझ्याकडे आहेच. वीट तापव, फडक्यात गुंडाळ आणि कापसाखाली ठेव. शेळीचं दूध मिळव. कापसाची वात दुधात बुडवून चोखायला दे. पालथं धरून पाज, उताणं धरू नकोस, दूध छातीत जाईल. आणि पाजून झालं की ओल्या बोळ्यानं बूड पुसत जा. आई चाटते ना, तसं. त्याशिवाय त्यांना मोकळं होत नाही."

"हे सारं म्या करायचं?"

"दुसरं कोण आहे त्यांना?"

दगडूने पिल्ले पुन्हा फडक्यात घेतली. मग हळूच म्हणाला, "आन् भजनाला कसा येऊ?"

"यायचं नाही," महाराज म्हणाले. "आता हीच तुझी सेवा. जा, उशीर करू नकोस."

गुरूची आज्ञा! दगडूने पुढे काही विचारले नाही. घरी येऊन त्याने मोडक्या डालीत मऊ कापूस अंथरला, चुलीत वीट तापवली आणि पिल्ले ठेवली. शेजारी सारजाबाई नावाची धनगरीण राहत होती. तिच्या दारात दुभती शेळी होती. दगडू वाटी घेऊन गेला तेव्हा ती हसली. पण वाटी भरून दिली, आणि मागोमाग स्वतः पाहायला आली.

पहिल्या दिवशी दगडूला काही जमेना. वात पिल्लाच्या तोंडात जाण्याऐवजी नाकाला लागे, पिल्लू शिंके, आणि दगडू घाबरून सारजाबाईला हाक मारी. हळूहळू हाताला सवय झाली. कुठल्या पिल्लाचे पोट भरले आणि कुठले नुसतेच आवाज करते, हे त्याला कळू लागले. कापूस पिंजताना घरभर तंतू उडतात, ते पिल्लांच्या नाकात जाऊ नयेत म्हणून त्याने आपले पिंजायचे सामान अंगणात नेले आणि कडाक्याच्या थंडीत तो बाहेर बसून काम करू लागला. मध्येच आवाज आला की काम टाकून आत.

एक पिल्लू पहिल्यापासून अशक्त होते. वात तोंडात धरी, पण चोखत नसे. ते एका सकाळी दगडूच्या तळहातावरच गेले. दगडू ते तसेच हातात घेऊन चुलीपुढे बसून राहिला. विस्तव विझला तरी त्याचे लक्ष नव्हते. सारजाबाईने हे पाहिले आणि ती स्वतः मठात जाऊन महाराजांना सांगून आली. महाराजांनी निरोप पाठवला, "बाकीची तिघं उपाशी आहेत म्हणावं."

दगडू उठला. त्याने गेलेले पिल्लू भुरीशेजारी पुरले आणि चूल पुन्हा पेटवली.

ही गोष्ट गावभर झाली, आणि गावाला हसायला विषय मिळाला. एका संध्याकाळी मठात भजनाची मंडळी जमली असताना दौलतराव मोठ्याने म्हणाले, "महाराज, तुमचा पिंजारी दिसत नाही हो! बाळंत झालाय म्हणे. बाळंतविडा पाठवायला हवा." मंडळी हसली. महाराज हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते टाळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी देशमुख शेतावर जाताना दगडूच्या अंगणाशी थांबले.

"काय रे दगड्या, बारसं कधी?"

"डोळं उघडू द्या मालक, मग बघू," दगडू म्हणाला.

"चांगली मोठी कर. वाघीला सराव होईल."

पिंजणाऱ्याचा हात थांबला. क्षणभर त्याने वर पाहिले. मग मान खाली घालून तो पुन्हा कामाला लागला. देशमुख हसत पुढे गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाघी गढीच्या गोठ्यात व्याली. देशमुख हौसेने पाहायला गेले आणि त्यांचे तोंड उतरले. पिल्ले ठिपक्याठिपक्यांची, आखूड पायांची निघाली. गावातल्या कुठल्यातरी उकिरड्यावरच्या कुत्र्याची ती होती, हे कोणीही सांगितले असते. गढीची अब्रू गेली, असे देशमुखांना वाटले. आता पाहुण्यांना काय दाखवायचे? त्यांनी महादू नावाच्या गड्याला बोलावले आणि पिल्ले टोपलीत घालून गावाबाहेरच्या नदीकडे न्यायला सांगितले. महादूने खाली मान घालून सांगितल्याप्रमाणे केले.

वाघीने सारा गोठा हुंगला. मग ती नदीच्या वाटेला धावू लागली, म्हणून तिला साखळीने बांधले. तिने अन्न सोडले. तिचे आचळ दुधाने तटतटले, गाठी झाल्या, अंगात ताप भरला.

इकडे त्याच दिवसांत सारजाबाईची शेळी आजारी पडली आणि तिचे दूध आटले. गल्लीत दुसरी दुभती शेळी नव्हती. दगडूने गाईचे दूध आणले, पाणी घालून पाजले. पण ते पिल्लांना मानवले नाही. हगवण लागली. उड्या मारू पाहणारी पिल्ले कापसात पडून राहू लागली. वात तोंडाशी नेली तरी तोंड उघडेनात. आवाजही बारीक झाला आणि मग थांबला.

तेव्हा मात्र दगडूला राहवले नाही. मठात यायचे नाही ही आज्ञा होती. तरी पिल्ले बंडीच्या आत, छातीशी धरून तो दिवस कलताना मठात आला. महाराज ओट्यावर एकटेच होते.

"महाराज, चुकलो, आलो," तो म्हणाला. "ऊब द्या म्हणालात, दिली. दूध द्या म्हणालात, दिलं. आता माझ्यापाशी काय न्हाई उरलं. ही चालली."

महाराजांनी तिन्ही पिल्लांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "घरी जा. चूल पेटती ठेव आणि दार उघडं टाक. जो जीव दारात येईल त्याला अडवू नकोस. कोणीही असो."

"कोन येनार हाय?"

"आई," महाराज म्हणाले.

दगडूला काही उमगले नाही. पण महाराजांचा शब्द! तो उठला, घरी गेला, चूल फुंकली, आणि दार सताड उघडे टाकून पिल्ले मांडीवर घेऊन बसला.

तो गेला आणि दिवेलागणीला दौलतराव मठात आले. आज त्यांचा आवाज जरा उतरलेला होता.

"महाराज, वाघीला अंगारा द्या," ते म्हणाले. "ताप हटत नाही. झाडपाला झाला, वैदू झाला. अन्नाला तोंड लावत नाही."

"तिची पिल्लं कुठं आहेत?"

"ती जातीची नव्हती, महाराज."

"मी जात विचारली नाही. कुठं आहेत?"

देशमुख पागोटे सावरू लागले. आरतीसाठी मंडळी जमली होती. महाराजांनी डोळे मिटले. काही क्षण गेले. आणि मग मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी उजवा हात पुढे केला, एखाद्या बुजऱ्या लेकीला बोलवावे तसा, आणि म्हणाले, "चल बाई, चल. दार उघडं आहे."

देशमुखांनी मागे वळून पाहिले. दारात कोणी नव्हते. शेजारच्या गृहस्थाकडे पाहून ते हलकेच म्हणाले, "महाराजांचं वय झालं."

हे शब्द त्यांच्या तोंडून निघतात न निघतात तोच महादू धापा टाकत आला.

"मालक, वाघी न्हाई!"

"साखळी तोडली?"

"तोडली न्हाई. साखळी जागेवर हाय, पट्टाबी हाय, पट्ट्याची कडी लागल्याली हाय. वाघीच न्हाई. गढीचा दरवाजा बंद होता मालक, मीच अडसर घातलावता."

"मग काय हवेत गेली?" देशमुख ओरडले. तेवढ्यात वाटेवरून येणाऱ्या एकाने सांगितले की वाघीला त्याने आताच पाहिले, पिंजाऱ्याच्या घराकडे चालली होती. देशमुखांच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू आले. "मग संपला म्हणायचा दगड्याचा संसार," असे म्हणून त्यांनी काठी उचलली आणि ते निघाले. मागोमाग मठातली पाच-सहा माणसे निघाली. महाराज जागचे हलले नाहीत.

तिकडे दगडूच्या दारात सावली पडली. त्याने वर पाहिले. एखादी बाई वाटीत दूध घेऊन आली असेल, असे त्याला वाटले होते. दारात वाघी उभी होती.

भाविकहो, त्या घडीला त्याच्या मनाचे काय झाले असेल! जिने भुरीला मारले तीच ही. दगडूचा हात अंगणातून आत आणून ठेवलेल्या लाकडी ठोक्याकडे गेला. पिंजणाची ताणलेली दोरी ज्याने झणकारतात तो जड ठोका त्याने उचलला, डोक्यावर धरला.

"हिनंच मारली हो तिला!" तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला तिथे कोणी नव्हते.

कोणीही असो, असे महाराज म्हणाले होते.

हात वरच राहिला. मांडीवरच्या एका पिल्लाने कसाबसा आवाज केला. वाघीचे कान हलले. ती दगडूकडे पाहतच नव्हती. तिच्या आचळांतून दुधाचे थेंब उंबऱ्यावर पडत होते. दगडूने ते पाहिले. त्याने ठोका खाली ठेवला.

"या अल्ला," तो म्हणाला, "महाराज, तुमच्या भरवशावर." पिल्ले त्याने चुलीपुढच्या कापसावर ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवले. पाहण्याची त्याच्यात हिंमत नव्हती.

नखांचा आवाज आत आला. मग हुंगण्याचा. मग काही ऐकू आले नाही, आणि ते सर्वांत वाईट होते. आणि मग जिभेचा आवाज आला, सावकाश, ओला, एकसारखा. दगडूने मान वळवली. वाघी पिल्लांना चाटत होती. एकेकाला जिभेने आपल्याकडे ओढून घेत ती कुशीवर आडवी झाली, आणि ज्यांनी दिवसभर तोंड उघडले नव्हते त्या पिल्लांनी तोंडे उघडली. आधी एकाने, मग दुसऱ्याने. दगडू तिथेच बसून रडू लागला, आणि आपण रडतो आहोत हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

थोड्या वेळात दौलतराव दारात आले. त्या घराचे दार बुटके होते. वाकून ते आत आले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "वाघी! चल!"

वाघी उठली नाही. धन्याचा शब्द तिने आजवर कधी मोडला नव्हता. देशमुखांनी काठी उगारली. तशी तिने पुढचा पाय पिल्लांवर ओढून घेतला आणि ओठ वर करून ती गुरगुरली. देशमुखांवर!

दगडू हात जोडून मध्ये आला. "मालक, हळू बोला. पिताहेत."

देशमुखांनी तेव्हा कुठे नीट पाहिले. चुलीच्या उजेडात मांजरीची तीन पिल्ले त्यांच्या शिकारी कुत्रीच्या पोटाशी लागली होती. पुढच्या पायांनी ती आचळ दाबत होती. वाघीचे डोळे अर्धे मिटले होते. किती दिवसांनी तिच्या अंगाचा ताण उतरत होता. ती अधूनमधून मान वळवी आणि पिल्लांना मोजावे तशी हुंगे.

महाराजांनी मठात बसून कोणाला बोलावले होते, ते देशमुखांना आता कळले. अंगावर काटा आला. हातातली काठी खाली गेली.

"दगडूभाई," ते म्हणाले. या नावाने त्यांनी त्याला कधी हाक मारली नव्हती. "हिची पिल्लं मी नदीत टाकायला लावली. लोक हसतील म्हणून."

दगडूने चुलीत काटकी सरकवली.

"आणि तुझी मांजर... ती तर नुसती पाहुण्यांना दाखवायला." पागोटे काढून त्यांनी हातात घेतले आणि ते दगडूच्या पायांवर वाकले. दारातली माणसे पाहतच राहिली. दगडू गडबडून मागे सरला.

"आवो मालक, हे काय! उठा, उठा."

"उठतो. पण मी आता काय करू ते सांग. तू सांगशील ते करतो."

दगडूने इकडेतिकडे पाहिले. क्षमा कशी करतात, मोठ्या माणसाला काय सांगतात, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याचे लक्ष पिल्लांकडेच होते.

"कडंचं ते पिल्लू बघा, मालक," तो म्हणाला. "त्याला जागा मिळंना झालीय. जरा पोटाकडं सरकवा. हात चुलीवर शेकून घ्या आधी, गार लागंल त्याला."

दौलतराव देशमुखांनी दोन्ही हात चुलीवर धरले. ऊब आली तसे ते गुडघ्यांवर बसले, पुढे वाकले, आणि वाकताना वाघीच्या डोळ्यांकडे पाहत क्षणभर थांबले. वाघी गुरगुरली नाही. तेव्हा जमिनीला कपाळ लागेल इतके खाली वाकून त्यांनी ते पिल्लू आपल्या ओंजळीत घेतले आणि तिच्या कुशीत ठेवले.